एमबीए करायचंय? आधी पेपर, मग क्लास

बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपत आलं, की बारामतीहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.त एमबीएच्या गप्पा सुरू होतात. सणसरला घरी पोचल्यावर मुलगी हळूच विषय काढते, ''अब्बा, पुण्याला क्लास लावायचाय.'' अब्बा विचारतात फी किती, अम्मी विचारते राहणार कुठं. बहुतेक घरांत विषय तिथंच मिटतो. मुलगी असेल तर लवकर मिटतो, हेही कबूल करायला हवं. खरं तर क्लास ही नंतरची गोष्ट. पहिले सहा महिने सणसरात बसूनही तयारी होते.

परीक्षा मुख्यतः दोन. आयआयएमची कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस होते. वेळ दोन तास. इंग्रजी वाचन, तक्ते व तर्क आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटांचे. एका भागातली उरलेली मिनिटं दुसऱ्यात वापरता येत नाहीत. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला की १ गुण वजा. दुसरी राज्याची सीईटी. १५० मिनिटांत २०० प्रश्न : ७५ तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. इथं चुकीला दंड नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांचा रस्ता सीईटीतून जातो. पुण्याच्या आझम कॅम्पसमधली अलाना इन्स्टिट्यूटही आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या अशा संस्थांत आपल्या मुलांसाठी जागा राखीव असतात. दोन्ही परीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षात देता येतात.

सुरुवात अशी करा. एखाद्या रविवारी फजरनंतर, घर शांत असताना, मागच्या वर्षीचा एक पेपर घड्याळ लावून सोडवा. काहीही अभ्यास न करता. गुण कमीच पडतील, पडू द्या. मग चुका तीन रांगांत लिहा : येतच नव्हतं, येत होतं पण वेळ संपला, आणि प्रश्नच चुकीचा वाचला. तिसरी रांग बहुतेकांची लांब निघते. ती कमी करायला क्लासची फी लागत नाही.

मराठी किंवा उर्दू माध्यमातली मुलं गणिताला घाबरतात, पण अडतात इंग्रजी उताऱ्यात. रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचा. शब्दाशब्दाला अडू नका. वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं घरच्या बोलीत अम्मीला दोन वाक्यांत सांगा. सांगता आलं नाही तर उतारा कळलेला नाही, पुन्हा वाचा. गणितासाठी सातवी ते दहावीची जुनी पुस्तकं काढा : शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरात शेकडेवारी नवी नाही. एक टन उसातून १०५ किलो साखर निघाली तर उतारा साडेदहा टक्के, हे अब्बा तोंडी सांगतात. मुलांनीही तसंच तोंडी सांगायला शिकावं.

रमजानचा हिशोब आधीच करून ठेवा. २०२५ साली ईद ३१ मार्चला झाली आणि सीईटी १ एप्रिलपासून सुरू झाली. शेवटची उजळणी अख्खी रोज्यांत! रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तरी तयारीचे महिने त्यात अडकतातच. सहरीनंतरचे दोन तास सरावाला सगळ्यांत चांगले. तरावीहनंतर जागून सोडवलेला पेपर फारसा कामाचा नसतो.

कर्ज आणि त्यावरच्या व्याजाचा प्रश्न प्रत्येक घर आपापल्या समजुतीने सोडवेल, पण तो प्रवेश हाती आल्यावरचा प्रश्न आहे. कागदांचा प्रश्न मात्र आजचा आहे, आणि आपली मुलं गुणांपेक्षा तिथं जास्त अडकतात. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांच्या किंवा त्यांच्या भावांच्या शाळेतली नोंद शोधावी लागते. ती मिळाली, तर पुढे प्रांत कार्यालय, मग नॉन-क्रिमीलेयर, मग जात वैधता. यात महिने जातात. कॅटसाठी केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, म्हणून आपली जमात त्या यादीत आहे का ते आधी पाहा. कॅटचा फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये सुटतो. आजोबा गावातल्या शाळेत शिकले असतील, तर मे महिन्याची सुट्टी लागण्याआधीच मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन या.