घरचे काम आणि साधनांचा खर्च

आपल्या समाजातील शिकलेली मुले आता आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसात व उरलेले दिवस घरी बसून काम करतात. लॅपटॉप बहुधा कंपनी देते. खुर्ची, टेबल, वीज यांचा भार मात्र घरावर पडतो. दोन खोल्यांच्या घरात तो लहान नसतो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी ज्या बिडी कामगारांना संघटित केले, त्यांचाच हा धंदा. पाने, तंबाखू कारखान्यातून आणायची, बिड्या घरी वळायच्या आणि मोजून, तपासून परत द्यायच्या. कात्री, सूप मात्र बाईचे स्वतःचे. पाने कमी पडली तर पदरचे पैसे घालायचे. बिडी नापास झाली तर मजुरीही गेली. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले आणि कच्चा माल किती दिला, किती बिड्या नाकारल्या, यांवरील तंटे सोडविण्याची तरतूद केली.

विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये नियम ४३-अ आला. घरून काम करणाऱ्यास उपकरणे व सुरक्षित जोडणी कंपनीने पुरवावी, असे त्यात सांगितले होते. पण तो त्या क्षेत्रांपुरताच.

म्हणून विद्यार्थ्यांनी नेमणूकपत्र हाती पडताच विचारावे : लॅपटॉप बिघडल्यास दुरुस्ती कोणाची? इंटरनेटचे पैसे मिळतात काय? उत्तर लेखी घ्यावे. नोकरी सोडताना वस्तू परत केल्याची पोच तर मागून घ्यावीच. नाहीतर शेवटच्या पगारातून रक्कम कापली गेली तर दाखवायला हाती कागद नसतो.