दोष कोणत्या घराण्याचा?

घरातील तरुण मुलीला ल्यूपससारखा आजार जडला आणि मूत्रपिंडावर सूज आली, की पुष्कळ घरांत उपचारांआधी घराण्याची चौकशी सुरू होते. हे आईकडून आले की वडिलांकडून? उंदरांवरील संशोधनाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे असे आहे.

ल्यूपस हा स्वयंप्रतिकार रोग आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांत साचतात, तेथे दाह होतो आणि लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊ लागतात.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९५९ साली 'एनझेडबी' नावाच्या काळ्या उंदरांच्या वाणात स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी नष्ट करणारा विकार नोंदवला गेला. 'एनझेडडब्ल्यू' हा पांढरा वाण मात्र जवळजवळ निरोगी होता. पुढे या दोहोंचा संकर केला गेला, तेव्हा संततीत मूत्रपिंडाचा प्राणघातक विकार उद्भवला. माद्या नरांच्या कितीतरी आधी मरत. माणसांतही ल्यूपसचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रियाच असतात.

एडवर्ड वेकलँड आणि लॉरेन्स मोरेल या संशोधकांनी अशा संकरातून निपजलेल्या उंदरांच्या गुणसूत्रांवरील रोगकारक भाग शोधले. त्यांपैकी तीन प्रमुख भाग पहिल्या, चौथ्या आणि सातव्या गुणसूत्रावर आहेत. पहिला भाग एकटाच निरोगी वाणात आणला, तर प्रतिपिंडे तयार झाली, पण मूत्रपिंड बहुतांशी शाबूत राहिले. तिन्ही भाग एकत्र येताच मूत्रपिंड निकामी झाले. विशेष म्हणजे, पहिला भाग निरोगी दिसणाऱ्या पांढऱ्या वाणाकडून आलेला होता. त्या वाणात रोगाला आवर घालणारी जनुकेही होती, म्हणून दोष झाकलेला राहिला.

एकाच जनुकातील बिघाड ठळकपणे कारणीभूत ठरल्याचे उदाहरणही आहे. 'एमआरएल' वाणात निकामी पेशींना मरण्याचा संदेश देणारे 'फास' जनुक बिघडलेले असते, हे १९९२ साली उघड झाले. पण तोच बिघाड दुसऱ्या वाणात नेला, तर प्रतिपिंडे दिसतात आणि मूत्रपिंडाचा विकार सौम्य राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. मोठी घटना क्वचितच एका कारणाने घडते. अनेक कारणांचा संयोग व्हावा लागतो. माणसाच्या बाबतीत जनुकांखेरीज परिस्थितीचाही वाटा असतो. एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला ल्यूपस झाला तरी दुसरीला तो होतोच असे नाही.

म्हणून सुनेच्या माहेराला किंवा आईच्या रक्ताला दोष देण्यास विज्ञानात आधार नाही. पायांवर, चेहऱ्यावर सूज दिसली किंवा लघवीला सतत फेस येऊ लागला, तर चौकशी घराण्याची नव्हे, लघवीची करावी. ही तपासणी साधी आहे, आणि वेळेवर झाली तर मूत्रपिंड वाचू शकते.