पुलाखालचे उड्डाण आणि त्याचा निवाडा

विमान पुलाखालून नेणाऱ्या वैमानिकांच्या कथा साहसकथा म्हणून सांगितल्या जातात. छाती किती मोठी, फट किती अरुंद, एवढ्यावरच त्या संपतात. माझे कुतूहल वेगळ्या ठिकाणी अडकले. कृती एकच असूनही एकाला शाबासकी मिळते, दुसऱ्याला समज, तिसऱ्यावर खटला चालतो आणि चौथ्याला खटलासुद्धा नाकारला जातो. असे का व्हावे? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा ध्यानात आले, की वैमानिकाइतकीच निवाडा करणाऱ्यांचीही ओळख या उड्डाणांतून पटते.

आधी या कृतीतला धोका नेमका कुठे असतो ते पाहू. लंडनचा टॉवर ब्रिज उदाहरणाला घेऊ, कारण तो या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो. १८९४ साली वाहतुकीला खुला झालेल्या या पुलाच्या दोन मनोऱ्यांमध्ये ६१ मीटर अंतर आहे. खाली वाहनांचा रस्ता आणि वर, भरतीच्या पाण्यापासून सुमारे ४२ मीटरवर, पादचाऱ्यांसाठी बांधलेले मार्ग. वैमानिक जातात ते रस्ता आणि हे वरचे मार्ग यांच्यामधून. हॉकर हंटर या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार साधारण १०.३ मीटर. म्हणजे विमान अगदी मधोमध ठेवले तर दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस मीटर मोकळी जागा उरते. कागदावर पाहिले तर ही फट नव्हेच, हा दरवाजा आहे.

कागदावर वेग दिसत नाही, ही खरी अडचण. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे १३९ मीटर कापते. पुलाची रुंदी ओलांडायला सेकंदाचा पाव भागही लागत नाही. तारेवर, पक्ष्यावर किंवा बोटीच्या डोलकाठीवर नजर पडून हात हलेपर्यंत सगळे घडून गेलेले असते. पुलापाशी पोहोचल्यावर निर्णय घेता येत नाही, तो कित्येक सेकंद आधीच झालेला असावा लागतो.

पूल नदीवर असेल आणि विमान पाण्यालगत न्यायचे असेल, तर आणखी एक गोष्ट आडवी येते. विमानाच्या पंखांच्या टोकांपाशी हवेचे भोवरे तयार होतात आणि ते विमानाला मागे ओढतात. विमान पृष्ठभागापासून पंखांच्या विस्ताराइतक्या किंवा त्याहून कमी उंचीवर आले, की या भोवऱ्यांना पसरायला जागा उरत नाही. ओढ कमी होते आणि विमान जणू हवेच्या गादीवर तरंगू लागते. धावपट्टीवर उतरताना वैमानिकांना हा अनुभव रोजचा असतो. पुलाखाली मात्र विमानाने असे आपोआप वर उचलले जाणे म्हणजे डोक्यावरच्या लोखंडाकडे सरकणे. त्यातच खांबांवर आपटून घुसळलेला वारा असतो आणि खाली संथ पाणी असेल तर त्यावरून उंचीचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही. भरती-ओहोटीच्या नदीत तर पुलाखालची उंचीही दिवसभर बदलत असते.

म्हणून हा खेळ धाडसापेक्षा पूर्वतयारीचा आहे. तयारी कुणी केली, कुणी केली नाही, हे निवाड्यात मोजले गेले का? अनुभव असा, की फारसे नाही.

२७ जून १९११ रोजी लिंकन बीची या अमेरिकी वैमानिकाने नायगरा धबधब्यावरून झेप घेतली आणि खालच्या दरीतल्या कमानी पुलाखालून विमान बाहेर काढले. हजारो लोक तेच पाहायला जमले होते. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९१२ रोजी, फ्रँक मॅकलीन याने आपले तरंगते विमान टॉवर ब्रिजमधून नेले आणि थेम्सवरचे पुढचे पूल खालून पार करत वेस्टमिन्स्टर गाठले. परतताना पोलिसांनी त्याला टॉवर ब्रिजच्या पलीकडे जाईपर्यंत उडू दिले नाही, यापलीकडे काही झाले नाही. हाच मॅकलीन ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या वैमानिकांना शिकण्यासाठी स्वतःची विमाने देत असे आणि पुढे तो ‘सर’ झाला. त्या काळी विमान हीच नवलाई होती. पूल फक्त तिची उंची मोजायला होता.

महायुद्ध संपले आणि चित्र बदलले. १४ जुलै १९१९ रोजी पॅरिसमध्ये विजयाचे संचलन व्हायचे होते. वैमानिकांना हुकूम आला, की इतर सैनिकांप्रमाणे त्यांनीही पायी चालावे. वैमानिकांना तो अपमान वाटला आणि कुणीतरी विजयकमानीतून विमान न्यायचे असे ठरले. ज्याची निवड झाली तो जाँ नाव्हार सरावातच, १० जुलैला, अपघातात मरण पावला. मग शार्ल गोदफ्रुआ याने काम हाती घेतले. मिरामास जवळच्या एका पुलाखालून त्याने आधी सराव केला आणि ७ ऑगस्टला सकाळी न्यूपोर जातीचे छोटे विमान कमानीतून पार नेले. कमानीची रुंदी १४.६२ मीटर, पंखांचा विस्तार ७.५२ मीटर. दोन्ही बाजूंना साडेतीन मीटर. कमान म्हणजे पूल नव्हे हे खरे, पण गणित तेच आणि टॉवर ब्रिजपेक्षा कितीतरी कठीण. सरकारने मोठा खटला उभारला नाही. समज देऊन प्रकरण मिटवले गेले.

२१ ऑक्टोबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरील चार पुलांखालून एल्लिनोर स्मिथ गेली. वय सतरा. ती हे करू शकणार नाही अशी पुरुष वैमानिकांत कुजबुज होती. शेवटच्या ब्रुकलिन पुलाखाली जहाज आले, तेव्हा विमान तिरपे करून तिने वाट काढली. तिला मिळाली थोड्या दिवसांची उड्डाणबंदी. दोन वर्षांनी देशातल्या परवानाधारक वैमानिकांनीच तिला सर्वोत्तम महिला वैमानिक म्हणून निवडले.

आता दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहू.

२४ एप्रिल १९५९. अमेरिकी हवाई दलाचा कॅप्टन जॉन लॅपो याने मिशिगनमधील मॅकिनॅक पुलाखालून आरबी-४७ हे सहा इंजिनांचे जेट विमान नेले. पंखांचा विस्तार सुमारे ३५ मीटर आणि पुलाखालची उंची मध्यभागी सुमारे ४७ मीटर. विमानात तो एकटा नव्हता, सहकारीही होते. त्याच्यावर लष्करी खटला चालला, दंड झाला आणि उडण्याचा हक्क कायमचा गेला. निवाडा कडक, पण सरळ. लॅपोला कुणाला काही सांगायचे नव्हते. त्याला पुलाखालून जायचे होते, एवढेच.

५ एप्रिल १९६८. ब्रिटिश हवाई दलाला १ एप्रिल रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती, पण लंडनवरून विमानांची मानवंदना ठेवलेली नव्हती. १९५७च्या संरक्षण धोरणाने वैमानिकाची जागा क्षेपणास्त्र घेईल असे सुचवले होते आणि १९६५ मध्ये टीएसआर-२ हा महत्त्वाकांक्षी विमानप्रकल्प रद्द झाला होता. वैमानिकांत नाराजी होती. बत्तीस वर्षांचा फ्लाइट लेफ्टनंट अ‍ॅलन पोलॉक हंटर घेऊन एकटाच लंडनवर आला. संसदेभोवती त्याने तीन घिरट्या घातल्या, हवाई दलाच्या स्मारकाला पंख झुकवून वंदन केले आणि नदीच्या वळणावर समोर टॉवर ब्रिज आला. त्याच्याच सांगण्यानुसार पुलातून जाण्याचे आधी ठरले नव्हते, ते त्या क्षणी ठरले. पुलावर दुमजली बस चालली होती. तिच्या वरून आणि पादचारी मार्गांच्या खालून तो निघून गेला.

उतरल्यावर त्याला अटक झाली. पोलॉकला खटला हवा होता, कारण न्यायालयात आपले म्हणणे मांडता आले असते. खटला चाललाच नाही. वैद्यकीय कारण दाखवून त्याला सेवेतून दूर केले गेले. लॅपो दोषी ठरला, पोलॉकला आजारी ठरवले गेले. पहिल्याने नियम मोडला होता, दुसऱ्याने नियम मोडून प्रश्न विचारला होता. प्रश्न विचारणाऱ्याला आरोपीचा पिंजरा दिला तर तो त्याचे व्यासपीठ करील, हे वरिष्ठांना पुरते ठाऊक असावे. हे हंटर विमान आपल्याला परके नाही. १९५७ पासून ते भारतीय हवाई दलात होते आणि १९७१च्या युद्धात लोंगेवालाच्या वाळवंटात त्याने शत्रूचे रणगाडे फोडले. तिथेही वैमानिक जमिनीलगतच उडत होते, पण त्यांना तसा हुकूम होता.

जिथे निवाडाच उघड होत नाही तिथे काय होते, त्याचे उत्तर सोव्हिएत रशियात मिळते. जून १९६५ मध्ये व्हालेंतिन प्रिवालोव्ह याने नोव्होसिबिर्स्कमध्ये ओब नदीवरच्या पुलाखालून मिग-१७ नेले. त्या वेळी याचा गाजावाजा होऊ दिला गेला नाही, म्हणून लोकांनी कथा आपल्या परीने पूर्ण केली. आज सर्वत्र फिरणारे त्या उड्डाणाचे छायाचित्र खरे नाही, ते जुळवून तयार केलेले आहे. जाहीर खटला वैमानिकाला व्यासपीठ देतो हे खरे, पण गप्प बसल्याने दंतकथेला रान मोकळे मिळते.

पोलॉकबद्दल मला सहानुभूती आहे. त्याची तक्रार खरी होती आणि त्याला बोलू द्यायला हवे होते. तरीही एका बाबतीत त्याची बाजू घेता येत नाही. गोदफ्रुआ आधी सराव करून गेला, पोलॉक न ठरवता गेला. आणि दोघांच्याही वाटेत अशी माणसे होती, ज्यांना कुणी विचारले नव्हते. पॅरिसमध्ये ट्राममधल्या लोकांनी घाबरून अंग टाकले. लंडनमध्ये बसमधल्या प्रवाशांना तेवढाही वेळ मिळाला नाही.

४ सप्टेंबर २०२१ रोजी दारिओ कोस्ता याने इस्तंबूलजवळच्या महामार्गाच्या दोन बोगद्यांतून विमान नेले, ४४ सेकंदांच्या आत. बोगदे पुलांपेक्षा कितीतरी अवघड. पण वाहतूक बंद होती, परवानगी होती आणि मागे वर्षभराहून अधिक तयारी होती. जोखीम होती ती त्याच्या स्वतःच्या जिवाची. अशा उड्डाणाला टाळ्या वाजवायला मला संकोच वाटत नाही. १९६८च्या निवाड्यात मात्र दोघांचे ऐकून घ्यायचे राहिले. पोलॉक हवाई दलाबद्दल काय म्हणतो ते कुणी ऐकले नाही, आणि त्या दुपारी बसमध्ये बसलेल्यांना काय वाटले हेही न्यायासनापुढे कुणी विचारले नाही. खटला चालला असता तर दोन्ही गोष्टी एकाच दालनात बोलल्या गेल्या असत्या.