जुनी रॅले, एकच गिअर

नॉटिंगहॅमची जुनी रॅले विकत घेताना मी रंग पाहत नाही. चौकट सरळ आहे का ते पाहतो. काहींच्या मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर असतात. ते झिजले की पायडल एकदम मोकळं फिरतं आणि तोल जातो. सुटे भाग मिळाले नाहीत, तर साधं हब बसवावं. जुन्या इंग्रजी सायकलीच्या मागच्या चाकाला बहुधा ४० तारा, आपल्या काळ्या देशी सायकलीलाही तेवढ्याच; म्हणून जुनी रिम चालते. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असले, तर पायडल एकदा फिरवलं की चाक तीनदा फिरतं. मागे २० घेतले तर वेग घटतो, पण उलट्या वाऱ्यात गुडघे वाचतात. चांदूर बाजारच्या सपाट रस्त्यांना एवढं पुरे. चिखलदऱ्याचा घाट मात्र पायीच चढावा. काढलेलं हब भंगारात घालू नका. तेल लावून ठेवा. भाग मिळाले की सायकल पुन्हा मूळ रूपात येते.