निलगिरीचे तेल: थेंबाचे औषध, चमच्याचे विष

पावसाळा लागला की कोडोलीच्या वस्तीत घरोघरी निलगिरीची बाटली निघते. "आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य विहारातल्या महिलांच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो. नर्स म्हणून नोकरीत असताना तेच वाक्य एका आईच्या तोंडून ऐकले होते. तिचे दोन वर्षांचे मूल आकडी येऊन बेशुद्ध पडले होते. खोकल्यासाठी तिने चमचाभर निलगिरी पाजली होती. मूल वाचले. त्या माउलीला आधी कोणी काही सांगितलेच नव्हते.

सगळी तेले सारखी नसतात. नारायण तेलासारखे आयुर्वेदिक तेल तिळाच्या तेलात काढा आणि वाटलेली औषधे घालून, मंद आचेवर शिजवून करतात. ते मालिशीला चालते. निलगिरी, लवंग, पुदिना यांचे तेल मात्र वाफेवर काढलेला अर्क असतो. ढीगभर पाल्यातून थोडेसेच तेल निघते, म्हणून ते फार तीव्र असते. निलगिरीचे झाड तर मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजांनी ते 1843 च्या सुमारास निलगिरीच्या डोंगरात लावले, तेव्हापासून डोंगराचेच नाव त्याला पडले.

वापरताना एवढे पाळा:

• घरच्या घरी कोणतेही अर्कतेल पिऊ नका, पाजू नका.

• नुसते अंगाला लावू नका. मोठ्या माणसासाठी एक चमचा खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब पुरेत. आधी हातावर थोडे लावून एक दिवस पाहा.

• दोन वर्षांखालील बाळाला निलगिरी, पुदिना, कापूर लावू नका. कापराची पुरचुंडीही गळ्यात बांधू नका. मोठ्या मुलांच्याही नाकातोंडाजवळ लावू नका, श्वास अडकू शकतो.

• वाफ साध्या पाण्याचीच घ्या. उकळत्या पातेल्याजवळ मुलांना बसवू नका. भाजण्याचा धोका मोठा.

• दाढ दुखली तर लवंगेचे तेल पातळ करून, कापसावर थेंबभर लावा. जास्त लावले तर हिरडी भाजते. शिवाय दुखणे थांबले तरी कीड तशीच राहते, दात दाखवायलाच हवा.

• गरोदर बाई, दमा किंवा फिट्सचा रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

• बाजारातली बिनलेबलची सुटी बाटली घेऊ नका. लेबलवर घटक, परवाना क्रमांक आणि मुदत बघा.

मुलाने तेल प्यायलेच तर उलटी करवू नका, दूध-मीठपाणी पाजू नका. गुंगी किंवा आकडी आली तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. लगेच 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. मूल ठीक दिसले तरी दवाखाना गाठा. आकडी थोड्याच वेळात येऊ शकते.

आपल्या एका खोलीच्या घरात औषधे, खाऊ, रॉकेल सगळे एकाच फळीवर असते. आज घरी गेल्यावर पहिले काम करा: ती बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. मग शेजारणीलाही सांगा.