डांगी गुरं आणि त्यांचे राखणदार

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, नागलीचं पीठ, गूळ असं काहीबाही जमवतात आणि शिवेवरच्या वाघदेवापाशी शिजवतात. वाघदेव म्हणजे लाकडाचा किंवा दगडाचा उभा फळा. त्यावर वाघ असतो, सूर्य-चंद्र असतात, नाग असतो. एखाद्या पोराला वाघ करून सगळे मिळून त्याला शिवेपार पिटाळतात. दिवाळी इथून सुरू होते. पूजा वाघाची असली तरी मागणं गुरांसाठीच आहे: वर्षभर आमच्या गुरांकडे फिरकू नकोस. पेठच्या रानात आज पट्टेरी वाघ नाही, पण बिबट्या आहे, आणि बोलीत तोही वाघच.

ही गुरं डांगी. डांग म्हणजे डोंगराळ, झाडीचा मुलूख, नाव तिथलंच. पेठला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा पावसात देशावरचं जनावर चरायला सोडलं तर आठवड्यात आजारी पडेल. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगावर मुरत नाही, निथळून जातं. पाठीवरून हात फिरवला की तो ओशटपणा बोटांना लागतो. खूर काळे आणि टणक, चिखलात न कुजणारे. अंग पांढरं, त्यावर काळे किंवा तांबडे ठिपके. ठिपक्यांच्या कमी-जास्तीवरून पारा, बहाळा, मणेरी अशी नावं. जनावर संथ, पण ताकदीचं.

दूध मात्र बेताचंच. बाहेरून येणारा माणूस पहिला प्रश्न दुधाचाच विचारतो. मीही सुरुवातीला तोच विचारत असे, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर किंचित कीव दिसे. इथे गाय दुधासाठी पाळत नाहीत. वासराचं पोट भरलं की उरेल ते घरात. गाय पाळायची ती बैलासाठी आणि शेणासाठी. शेणाचा हिशेब समजून घेतल्याशिवाय इथली शेती समजत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस भात-नागलीची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत असे थर रचून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाने तण मरतं आणि राखेवर रोप जोमाने येतं. म्हणजे दावणीला किती गुरं, यावर राब किती मोठा, आणि राबावर आवण किती, हे ठरतं. मग आषाढात गुडघाभर पाण्यातली चिखलणी. ती डांगी बैलाने करावी.

ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या ‘स्टेशनां’विषयी आपण कौतुकाने वाचतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक हे स्टेशन एकटंच अख्ख्या नाशिक जिल्ह्याहून मोठं आहे. तिथे दूर एकट्याने राहून गुरं सांभाळणाऱ्याचा एक अभिमान असतो म्हणतात. पेठच्या पाड्यावर तो मला वेगळ्या मापात दिसला. आठ-दहा गुरं, एकाच छपराखाली अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात गोठा. पण रात्री पाऊस कोसळत असताना घरधनी अंधारातच, नुसत्या हालचालीवरून, कोणतं जनावर बसलं आणि कोणतं उभं आहे ते सांगतो. घोटीच्या बाजारात किंवा अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डांगी प्रदर्शनात बैलाची शिंगं आणि कातडी लोक पारखतात, तेव्हा मालकापेक्षा बैलच मानाने उभा असल्यासारखा वाटतो.

ही दावण आता आखडत चालली आहे. चिखलणीला पॉवर टिलर आला. भात निघालं की माणसं दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत कामाला जातात. मागे म्हातारी आणि पोरं उरतात, आणि पोरं शाळेत. शाळेत जावीतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग गुरं वळायला कोण? 1995 च्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि राज्यात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, ही साखळी त्यामुळे तुटली. शहरात या कायद्यावर जी भांडणं झाली त्यांत पाड्यावरचा शेतकरी कुठेच नव्हता. चराईची अडचण आणखी जुनी, जंगल सरकारी झालं तेव्हापासूनची. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण मी ज्या पाड्यांवर फिरलो तिथे चर्चा बहुतेक वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांचीच होती. सातबाऱ्यावर नाव लागणं दिसतं, कुरणावरचा हक्क दिसत नाही.

जातिवंत वळूही कमी झाले आहेत. संकरित गाय दूध जास्त देते, पण श्रावणात तिला कोरडा गोठा, पेंड आणि डॉक्टर लागतो. त्यातलं इथे काय मिळतं, हे पेठला एक पावसाळा काढलेल्याला वेगळं सांगायला नको.

गेल्या वाघबारशीला एका पाड्यावर गेलो होतो. वाघ झालेला पोरगा नाशिकच्या आश्रमशाळेतून सुट्टीला आलेला. पळताना तो सारखा मागे वळून बघत होता, कारण पिटाळणारे चौघेच होते.