वंशावळीत न लिहिलेला वारसा

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. अशा पोलादनगरीत बहिरेपण म्हटले की गोंगाटाचेच स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु जन्मतःच ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत बोट भट्टीकडे जात नाही. ते ग्रहणाकडे जाते, नाहीतर थेट आईकडे. ‘आमच्या घराण्यात कोणी बहिरे नव्हते’ हे वाक्य तिला उद्देशूनच उच्चारले जाते.

ते बहुधा खरेही असते. आनुवंशिक बहिरेपण पुष्कळदा अप्रकट जनुकातून येते. आई व वडील दोघांनाही उत्तम ऐकू येते. दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि प्रत्येक अपत्यात त्या दोन्ही एकत्र येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे वारसा दोघांचा, समसमान. (इतिहासाच्या विद्यार्थ्याने वंशावळी पुष्कळ पाहिल्या; वाहकाची नोंद कोठेच नाही.) भारतात ‘कनेक्सिन २६’ या प्रथिनाच्या जनुकातील एक दोष विशेष आढळतो: प्रथिनाची साखळी चोविसाव्या दुव्यावरच खुंटते. या जनुकाचा बहिरेपणाशी असलेला संबंध १९९७ मध्ये उलगडला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात बहिरेपणाची तपासणी अंतर्भूत आहे. ती पहिल्या महिन्यातच व्हावी आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा खुणांची भाषा बालकापर्यंत पोहोचावी. घराण्यांचा वाद तोवर थांबू शकतो.